वाळवंटातला धबधबा आणि साठीतली जोडी

धबधबा म्हटले की आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाऊस उभा राहतो. ठोसेघरला जायचे ते आषाढ-श्रावणात, छत्री घेऊन. धुके बाजूला झाले तर धबधबा दिसतो, नाही तर नुसता आवाज ऐकून आणि भाजलेले कणीस खाऊन परत यायचे. अशा सहलीनंतर दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणाला सर्दी, कुणाचा पाय घसरून मुरगळलेला. धबधबा बघायला गेलेल्या माणसाला उन्हाने घेरी आली, अंगातले पाणी आटले, हे आपल्याला सांगूनही पटत नाही.

पण असेही धबधबे जगात आहेत आणि आपल्या गावातली माणसे तिथवर पोहोचू लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, नातवंड लहान, म्हणून आईवडील चार-सहा महिने जाऊन राहतात. पूर्वी ही मंडळी नायगारा बघत, म्हणजे गाडीतून उतरून कठड्याला टेकून बघत आणि फोटो घेऊन परत येत. आता मुलांना राष्ट्रीय उद्याने आणि डोंगरवाटांचा नाद लागला आहे, आणि आईवडीलही हौसेने बूट घालून त्यांच्याबरोबर निघतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. साठीनंतर देवदर्शन आणि लग्नकार्ये एवढाच प्रवास उरावा असे कुठे लिहिले आहे? मात्र त्या वाटांचे काही नियम आपल्या वाटांच्या उलटे आहेत. ते जाण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

अमेरिकेच्या युटा राज्याच्या दक्षिणेला एस्कलांटे आणि बोल्डर या दोन लहान गावांच्या मध्ये ‘लोअर काफ क्रीक फॉल्स’ नावाचा धबधबा आहे. काफ म्हणजे वासरू. जुन्या काळी तिथले गुराखी या घळीचा वासरांच्या कोंडवाड्यासारखा उपयोग करीत, त्यावरून ओढ्याला हे नाव पडले. हा सगळा मुलूख १९९६ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. दोन्ही बाजूंना लालसर-पिवळ्या वालुकाश्माचे उभे कडे, मधून काचेसारख्या पाण्याचा ओढा आणि ओढ्याच्या काठाने जाणारी पायवाट. समोरच्या कड्यावर शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी तांबड्या रंगात काढलेल्या मोठ्या मानवाकृती दिसतात. वाट संपते तिथे १२६ फुटांवरून पाणी पडते. पाऊस फारसा नसताना हे पाणी येते कुठून? वालुकाश्म स्पंजासारखा असतो. वरच्या पठारावरचा पाऊस आणि वितळलेले बर्फ तो वर्षानुवर्षे जिरवून घेतो आणि खाली झऱ्यांच्या रूपाने सोडतो. त्यामुळे धबधबा बारमाही आहे.

वाट जाऊन-येऊन सुमारे सहा मैल, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास. मोठा चढ नाही. बऱ्याच ठिकाणी भुसभुशीत वाळू आहे आणि सावली मधूनमधूनच. पिण्याच्या पाण्याचा नळ वाटेवर नाही, ओढ्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय प्यायचे नाही. स्वच्छतागृह वाट सुरू होते तिथेच, पुढे नाही. मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये. उंची समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जास्त.

मे २०२४ च्या अखेरीस आपल्या गावातले एक जोडपे या धबधब्याला जाऊन आले. नावे सांगत नाही. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८, ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले. त्यांच्या पत्नी ६४ वर्षांच्या, बारा वर्षांपासून मधुमेह. दोघेही काटक. गुरुजी वीस वर्षे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात आणि हे ते कुणालाही पाचव्या वाक्यात सांगतात. मुलगा म्हणाला, बाबा, दहा किलोमीटर आहे. गुरुजी म्हणाले, “दहा म्हणजे काय रे? सपाटच आहे ना?” नातू तीन वर्षांचा, त्याला एवढे चालवणे शक्य नव्हते. म्हणून मुलगा-सून त्याला घेऊन खालीच ओढ्यात खेळत थांबली आणि हे दोघे साडेनऊ वाजता निघाले. साडेनऊ म्हणजे उशीरच.

दीड महिन्याने दोघे माझ्याकडे नेहमीच्या तपासणीला आले. सहल फार छान झाली, एवढेच दोघांनी एका सुरात सांगितले. मग वहिनी रक्त द्यायला शेजारच्या लॅबमध्ये गेल्या आणि गुरुजी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “डॉक्टर, हिच्यासमोर बोललो नाही. परत येताना मला अर्धा तास आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं.” थोड्या वेळाने गुरुजी इ.सी.जी.साठी आत गेले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, “त्यांना सांगू नका. पण मला जातानाच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दोनदा बसले मी, चपलेत खडा गेलाय म्हणून.” बूट घातलेल्या माणसाने चपलेतल्या खड्याची सबब सांगितली आणि नवऱ्याच्या ते ध्यानातही आले नाही, यावरून त्याची स्वतःची अवस्था काय होती ते समजावे.

या लेखाचे खरे कारण हेच आहे. ऊन, वाळू, लांबी या गोष्टींची माहिती कुठेही मिळते. चाळीस वर्षे संसार केलेली दोन माणसे एकमेकांना त्रास नको म्हणून, किंवा एकमेकांसमोर कमीपणा नको म्हणून, जे लपवून ठेवतात, ते त्या उन्हापेक्षा घातक आहे असे माझे मत आहे. अनोळखी सोबती असता तर वहिनी म्हणाल्या असत्या, “जरा थांबा हो, मला बरं वाटत नाही.” नवऱ्याला त्या ते म्हणाल्या नाहीत. का? “हे इतक्या हौसेने निघालेले, मुलाने एवढा खर्च केलेला, माझ्यामुळे परत फिरायचं का?”

आता दोघांच्या शरीरात काय चालले होते ते पाहू. मौज अशी की दोघांच्या चुका अगदी उलट होत्या.

वहिनींनी निघाल्यापासून परत येईपर्यंत चार-पाच घोट पाणी घेतले. पुढे बाथरूम नाही, हे त्यांनी सुरुवातीच्या फलकापाशीच चौकशी करून घेतले होते. आपल्या बायकांना ही सवय लहानपणापासून लागलेली असते. शाळेत सोय नाही, एस.टी. स्टँडवर जाववत नाही, लग्नाच्या वऱ्हाडात विचारायला लाज. मग पाणीच प्यायचे नाही, हा उपाय. माझ्याकडे उन्हाळ्यात लघवीची जळजळ घेऊन येणाऱ्या दहा बायकांत निम्म्या तरी प्रवासातून आलेल्या असतात. आपल्या दमट पावसाळी हवेत किंवा एस.टी.च्या दोन तासांत हा उपाय खपून जातो. वाळवंटात खपत नाही. वहिनींच्या मधुमेहाच्या औषधांत लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी होती. ही अलीकडच्या काळातली गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायद्याची आहे, पण साखरेबरोबर ती पाणीही बाहेर नेते. वरून पाणी घ्यायचे नाही आणि खालून गोळी पाणी काढते आहे, तर उभे राहताच ब्लडप्रेशर खाली येऊन अंधारी येणारच. त्यांना तीन दिवसांनी लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तापही आला. तोही त्यांनी मुलाला दोन दिवस सांगितला नाही.

गुरुजींचे उलट. “पाणी भरपूर प्या” हा उपदेश त्यांनी मनावर घेतला. स्वतःचे तीन लिटर आणि बायको पीत नाही म्हणून तिच्या वाट्याचेही, असे ते साडेतीन तासांत पिऊन बसले. खाल्ले मात्र काहीच नाही, कारण त्या दिवशी त्यांची संकष्टी होती. सकाळी एक केळे, तेवढेच. सुनेने डब्यात चिवडा आणि खारे शेंगदाणे दिले होते, ते तसेच परत आले. घामावाटे मीठ जात होते, गोळी लघवीवाटे आणखी मीठ काढत होती आणि वरून नुसते साधे पाणी. अशा वेळी रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, मळमळते, हात सुजल्यासारखे होऊन अंगठी घट्ट बसते, आणि पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो. गुरुजींचे सोडियम तेव्हा कुणी मोजले नाही, त्यामुळे छातीठोकपणे निदान करणे बरे नाही. पण हकीकत या आजाराशी जुळते. ग्रँड कॅनियनच्या दरीत उतरणाऱ्या पदयात्रींमध्ये हाच प्रकार तिथल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात अभ्यासून नोंदवला आहे. उन्हाचा त्रास समजून अशा माणसाला आणखी साधे पाणी पाजले जाते आणि तो अधिकच बिघडतो. वयस्कर माणूस आणि लघवीची गोळी, ही जोडी असेल तर धोका जास्त.

तेव्हा तहान आणि वय यांचा संबंध नीट समजून घ्यावा. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. पंचविशीतल्या पोराला पाणी कमी पडले की घसा कोरडा पडून ते ओरडते. सत्तरीच्या माणसाला पाणी कमी पडलेले असते आणि तरी “मला तहान नाही” असे तो खरेपणाने सांगतो. मूत्रपिंडाची पाणी वाचवण्याची ताकद कमी झालेली असते. घाम उशिरा सुटतो, कातडीकडे रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याचे काम हृदयाला पूर्वीसारखे जमत नाही. रोज चालणाऱ्या माणसाचे हे सगळे बरे असते, यात शंका नाही. गुरुजींच्या अजिंक्यताऱ्यानेच त्यांना त्या दिवशी परत आणले असे मी मानतो. पण अजिंक्यतारा पहाटे गारव्यात चढायचा आणि दमल्यावर उतरून घरी चहाला यायचे. इथे अवघड भाग आधी उरकतो. त्या घळीत सकाळी ताज्या पायांनी जायचे आणि थकल्यावर, भर उन्हात, तेवढीच वाळू पुन्हा तुडवायची. धबधबा दिसला की माणसाला वाटते, पोहोचलो. तो तर अर्धा रस्ता असतो.

वाळवंटातल्या घामाचेही तसेच. चिपळूणला किंवा मुंबईला घाम टपटप गळतो, सदरा पिळून काढावा लागतो, म्हणून घाम गेला हे कळते. कोरड्या हवेत तो सुटल्या सुटल्या वाळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते, त्या दृष्टीने कोरडी हवा उपकारकच. पण कपडे कोरडे, कपाळ कोरडे, म्हणून माणसाला वाटते की आपल्याला घाम आलाच नाही. काळ्या टोपीवर किंवा गडद सदऱ्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर ते तुमचे मीठ आहे असे समजा. त्या दिवशी तापमान तिशीच्याच आसपास होते असे मुलगा सांगतो. आपल्याकडच्या मे महिन्यापेक्षा कमी, म्हणून कुणाला भीती वाटली नाही. पण उंचीवरचे कडक ऊन, दोन्ही बाजूंनी तापलेला खडक आणि पाय रुतणारी वाळू. वाळूत चालायला पक्क्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. हे मे महिन्यात. जुलैची गोष्ट वेगळीच. जुलै २०२४ मध्ये युटातल्याच कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात एक वडील आणि त्यांची तरुण मुलगी वाट चुकून, पाणी संपून उन्हात दगावली. ती वृद्ध नव्हती. वाळवंट वय विचारत नाही, वयस्कर माणसाला सावरायला वेळ थोडा कमी देते एवढेच.

परतीच्या वाटेवर गुरुजींचे काय झाले ते वहिनींकडून कळले. दीडच्या सुमारास ते “शाळेची घंटा झाली का” असे विचारू लागले. त्यांना ओकारी आली, पाय वाकडे पडू लागले. सुदैवाने मागून कॉलेजातली चार मुले-मुली आली. त्यांनी काय करावे? कड्याच्या सावलीत बसवले, ओढ्यात टॉवेल भिजवून डोक्यावर आणि मानेवर टाकला, सदरा भिजवला, पुठ्ठ्याने वारा घातला आणि खारवलेल्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. वहिनींनी संकष्टीचा विचार बाजूला ठेवून ती बिस्किटे त्यांना भरवली. एक मुलगा पुढे पळत जाऊन मुलाला घेऊन आला. जी गोष्ट करायला हवी ती बरोबर क्रमाने झाली. सावली, ओले कापड, वारा, मीठ आणि मदतीचा निरोप. पुढे तासाभरात त्यांना भान आले. मी मात्र इथे एक पुस्ती जोडतो. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर कारण उष्माघात असो की सोडियम, ते दवाखान्याचे काम आहे. सावध झाला तरी न्यायचेच. अंग भाजत असेल तर निरोप जाईपर्यंत वाट न बघता आधी अंग थंड करायला घ्यायचे. क्रोसिनची गोळी अशा तापावर काम करीत नाही. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

गुरुजींना दवाखान्यात नेले नाही. त्यांनीच नेऊ दिले नाही. तिकडचा खर्च माहीत होता आणि विमा काढताना ब्लडप्रेशरचा आजार लिहिलेला नव्हता. प्रवासाचा विमा काढणाऱ्या सर्वांना सांगणे आहे, असलेला आजार लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या.

या प्रसंगानंतर मुलाने जाहीर केले की आता आईबाबांना घेऊन पुन्हा असले काही नाही. पुढच्या खेपेला मॉल आणि मंदिर. मुलाची भीती मला समजते, पण त्याचा निकाल मान्य नाही. वाट सुरू होते तिथे आईवडिलांना सोडून देणारा मुलगा आणि त्यांना घरातच ठेवू पाहणारा मुलगा, दोघेही त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे टाळत आहेत. “बाबा, तुमची गोळी कुठली आहे? आज उपास आहे का? आई, तू पाणी पितेस का?” हे तीन प्रश्न गाडीतच विचारता आले असते. गुरुजी आणि वहिनींनी पुन्हा जावे असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. वहिनींनी धबधब्याचे वर्णन करताना जो चेहरा केला तो मी पाहिला आहे. खडकावरून उतरणाऱ्या हिरव्या, तांबूस, सोनेरी रेघा, खाली थंडगार वाळू आणि तोंडावर उडणारे तुषार. “चाळीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे बसलो होतो, आठवत नाही,” असे त्या म्हणाल्या. हे औषध मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

जायचेच तर ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये जावे. निघावे उजाडताच. जुलै ते सप्टेंबरच्या दिवसांत तिथे दुपारच्या वादळी पावसाने घळीतून अचानक लोंढे येतात. पाऊस दूर पडतो आणि आपल्या डोक्यावर आकाश निळे असते, म्हणून त्या दिवसांत घळीत शिरण्यापूर्वी हवामानाचा अंदाज बघावाच. घरी मुलाला परतीची वेळ सांगून ठेवावी आणि ती वेळ झाली की धबधबा शंभर पावलांवर असला तरी वळावे. ही वेळ आदल्या रात्री ठरवायची. वाटेत ठरवायला गेले तर “आता आलंच की” हे वाक्य नेहमी जिंकते. २०२२ नंतरच्या काही मोबाइलमध्ये रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मदतीचा निरोप पाठवता येतो. मुलाकडून ते आधी शिकून घ्यावे.

पाणी दोघांचे वेगवेगळे. आपापली बाटली आपापल्या पाठीवर, म्हणजे कुणी किती प्यायले ते लपत नाही. अशा वाटेवर तासाला अर्धा ते पाऊण लिटर साधारण पुरते. लिटरच्या वर सहसा जाऊ नये. दर तासाला काही खारे तोंडात टाकावे. चिवडा, खारे शेंगदाणे, लोणच्याची फोड, काहीही. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस असावे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे ना ते बघून घ्या. फळांच्या स्वादाची गोड पेये या नावाने विकली जात होती, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पाकीट न मिळाल्यास लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मधुमेह्यांनी या साखरेला घाबरू नये, पण हृदयाची किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे. उपास त्या दिवशी नको. गणपती रागावणार नाही, आणि चंद्रोदयापर्यंत थांबायची हौस असेल तर त्या दिवशी घरी थांबावे.

आता बायकांच्या अडचणीबद्दल. हे वर्तमानपत्रात लिहावे का, असे काहींना वाटेल. मला लिहावेसे वाटते. तिकडच्या रानात वाटेपासून आणि पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर पावले दूर जाऊन आडोशाला बसणे यात कुणी काही गैर मानत नाही, तशी रीतच आहे. कागद मात्र पिशवीत घालून परत आणायचा. बरोबर एक मोठी छत्री ठेवा. पावसाची छत्री वाळवंटात कशाला, असे नातवंडे हसतील. हसू द्या. ती चालताना सावली देते आणि गरजेला आडोसा. नवऱ्याने पुढे जाऊन पाठ फिरवून उभे राहावे आणि घाई करू नये. लघवीचा रंग लिंबाच्या सरबतासारखा फिका असेल तर पाणी पुरते आहे. चहासारखा गडद असेल किंवा चार तासांत जावेसेच वाटले नसेल तर कमी पडते आहे. हे दोघांनी एकमेकांना न लाजता सांगायचे. संसारात याहून अवघड गोष्टी बोलून झालेल्या असतात.

कुणाला बरे वाटत नाही हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. बोलत चाला. पूर्ण वाक्य एका दमात म्हणता येत नसेल तर वेग जास्त आहे. एरवी बोलका असलेला माणूस गप्प झाला, किंवा गप्प असणारा चिडचिड करू लागला, तर तिथेच सावलीत बसा. वेग नेहमी दोघांतल्या हळू चालणाऱ्याचा. आपल्याकडे नवरा पंधरा पावले पुढे आणि बायको मागे अशी चालायची पद्धत आहे. ती देवळाच्या रस्त्यावर चालेल, घळीत नाही. हळू चालणाऱ्याला पुढे घाला.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर खालचा डोह बघून उडी मारावीशी वाटते. तरुण मारतात. ते पाणी उन्हाळ्यातही गारठा भरवणारे असते. तापलेल्या अंगाने एकदम आत गेले की श्वास अडकतो, ब्लडप्रेशर उसळते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साठीनंतर आधी पाय, मग हात आणि मान भिजवावी, आणि तेवढ्यावर समाधान मानावे. हृदयविकार असेल तर डोहात उतरूच नये.

राहता राहिली औषधे. लघवी वाढवणारी गोळी, हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, सर्दी-खाजेवरची काही औषधे, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी रात्री दिली जाणारी काही औषधे, ही सगळी उन्हात शरीराचे हात बांधून ठेवतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी लांब चालताना साखर एकदम खाली येते, म्हणून खिशात साखरेची पुडी हवी. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवले तर निकामी होते. यातले काही त्या दिवशी कमी करावे लागते, काही पुढे ढकलावे लागते, काहीला अजिबात हात लावायचा नसतो. सहा महिन्यांच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर परस्पर घेऊन विमानात बसू नका. निघण्याच्या पंधरा दिवस आधी नवरा-बायको दोघेही दाखवायला या. उभे राहून आणि झोपून ब्लडप्रेशर बघता येते, रक्तातले सोडियम आणि क्रिएटिनिन तपासता येते. कुठली गोळी त्या दिवशी घ्यायची आणि कुठली परतल्यावर, हे त्यावरून ठरते, शेजारच्या गुरुजींना काय सांगितले होते यावरून नाही. येताना गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा, चिठ्ठी सापडली नाही तरी चालेल.